गळतीचा नीतिविचार

मोठ्या पापांविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे; लहान हयगयींविषयीं मात्र फारसें कोणी लिहीत नाहीं. चोरी, खून, विश्वासघात यांचा विचार स्मृतिकारांनीं केला, न्यायाधीशांनीं केला आणि तत्त्ववेत्त्यांनींहि केला. परंतु सामान्य मनुष्याच्या आयुष्यांत असले प्रसंग येतात तरी किती? बहुतेक माणसें जन्मभर एकहि खून न करितां मरतात. त्यांच्या हातून जें वाईट घडतें तें बहुधा ‘उद्यां पाहूं’ या दोन शब्दांच्या आडोशानें घडतें. म्हणून डोळ्यांस दिसणारा लहान दोष तसाच राहूं देणें हा नुसता आळस आहे, व्यवहारांतील चूक आहे, कीं नीतिदृष्ट्या अपराध आहे, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. आणि त्याचाच थोडा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

या विचारासाठीं आम्ही जें उदाहरण घेणार आहों तें ऐकून कांहीं वाचकांच्या कपाळास आंठ्या पडतील. तें उदाहरण म्हणजे लहान ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक यंत्रणेंतून होणारी तेलाची गळती. नीतिशास्त्राच्या चर्चेंत ट्रॅक्टर कशाला, असें ज्यांस वाटेल त्यांस आम्ही एवढेंच स्मरण देऊं कीं, सॉक्रेटीस हा सदा न कदा चांभार, परीट, आचारी आणि वैद्य यांच्याच गोष्टी बोलतो, अशी तक्रार प्लेटोच्या ‘गॉर्जियस’ या संवादांत कॅलिक्लीस करितो. सॉक्रेटिसानें ती तक्रार मनावर घेतली नाहीं, आणि आम्हींहि घेण्याचें कारण नाहीं. शिवाय हें उदाहरण महाराष्ट्रास परकें राहिलेलें नाहीं. नाशिक व सांगली या जिल्ह्यांतील द्राक्षबागांत वेलींच्या दोन ओळींमधून जाऊं शकेल असा अरुंद, अल्पशक्तीचा ट्रॅक्टर आतां सर्रास दिसतो. मागें औषध फवारण्याचा ब्लोअर किंवा माती फोडणारा रोटाव्हेटर जोडलेला असतो, आणि पुष्कळ वेळां त्याच्या पोटाखालीं तेलाचा एक काळसर डागहि असतो. त्या डागाकडे पाहण्याच्या तऱ्हा निरनिराळ्या असतात, आणि त्यांतच आमचा प्रश्न आहे.

प्रथम यंत्राचा धर्म समजून घेऊं. बंद भांड्यांतील द्रवावर एका ठिकाणीं दाब दिला असतां तो सर्व दिशांस सारखाच पोहोंचतो, हा नियम ब्लेझ पास्काल या फ्रेंच पंडितानें सतराव्या शतकाच्या मध्यास मांडिला. त्याचा या विषयावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ सालीं छापला गेला. या नियमाच्या आधारें जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिरानें १७९५ सालीं जलदाबयंत्राचें पेटंट घेतलें. लहान नळकांड्यांत थोडा जोर लावावा आणि मोठ्या नळकांड्यांत तो अनेकपट होऊन मिळावा, ही त्यांतील युक्ति. पण या युक्तीच्या वाटेंत पहिल्यापासूनच गळती आडवी आली. दट्ट्या सैल ठेवावा तर पाणी बाहेर येई, घट्ट करावा तर तो हलेना. शेवटीं वाटीप्रमाणें वळविलेली चामड्याची कडी बसविण्यांत आली. आंतील दाब जसा वाढे तशी ती कडी भिंतीस अधिकच चिकटून बसे, आणि दाब उतरला म्हणजे आपोआप सैल होई. ही कल्पना ब्रामाच्या कारखान्यांतील हेन्री मॉडस्ली याची, असें सांगतात. आजच्या ऑइल सीलांत चामड्याच्या जागीं रबर आलें आहे. तत्त्व तेंच आहे.

येथें एक योगायोग नमूद केल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. ज्या पास्कालनें दाबाचा नियम सांगितला त्यानेंच १६५६–५७ सालीं अठरा ‘प्रांतिक पत्रें’ लिहून, पापास लहान करून दाखविणाऱ्या आपल्या काळच्या कांहीं धर्मपंडितांचा समाचार घेतला. मनांतील हेतु दुसरीकडे वळविला कीं कृत्याचा दोष जातो, एखाद्या विद्वानाचा अनुकूल अभिप्राय हाताशीं असला कीं मनास टोंचणी लागण्याचें कारण नाहीं, अशा पळवाटांची त्यानें त्या पत्रांत यथेच्छ थट्टा केली आहे. या दोन लिखाणांचा एकमेकांशीं कांहीं संबंध आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु दोन्हीं एकत्र वाचणाऱ्यास एक गोष्ट सुचल्यावांचून राहत नाहीं: द्रवाचा दाब कोणत्याहि सांध्यास लहान म्हणून सूट देत नाहीं. मोठ्या सिलिंडरच्या भिंतीवर प्रत्येक चौरस इंचास जेवढा भार, तेवढाच कोंपऱ्यांतील नटाखालच्या दिडकीएवढ्या कडीवर.

ट्रॅक्टरमध्यें ही विद्या आणण्याचें मोठें श्रेय आयर्लंडच्या उत्तर भागांत जन्मलेल्या हॅरी फर्ग्युसनकडे जातें. अवजार केवळ दोरखंडासारखें मागें ओढण्याऐवजीं तीन दांड्यांनीं ट्रॅक्टरला जोडावें आणि तेलाच्या दाबानें उचलावें अथवा खालीं सोडावें, ही त्याची पद्धत १९३९ सालीं फोर्डच्या ट्रॅक्टरवर आली आणि १९४६ पासून इंग्लंडांत निघालेल्या त्याच्या स्वतःच्या ट्रॅक्टरानें ती जगभर पोहोंचविली. आज बागेंतील अगदीं लहान ट्रॅक्टरहि याच घराण्यांतला आहे. इंजिनाच्या जोरावर पंप फिरतो, पंप तेल ढकलतो, व्हॉल्व्ह त्यास वाट दाखवितो, सिलिंडर अवजार उचलतो. या तेलाचा दाब हवेच्या दाबाच्या शंभरपटीहून अधिक असतो, आणि पुष्कळ लहान ट्रॅक्टरांत तेंच तेल गिअरबॉक्समधील दांतेरी चाकांस आणि कित्येकदां आंतल्या ब्रेकांसहि पुरवावें लागतें. म्हणजे एका कोठारांतून तीन संसार चालतात. कोठार रिकामें होऊं लागलें तर झळ एकट्या लिफ्टलाच लागते असें नाहीं.

आतां गळतीकडे वळूं. तेल जेथें टपकतें तेथें तें गळत असतेंच असें नाहीं, ही या विषयांतील पहिली आणि बहुधा शेवटचीहि गोष्ट होय. वरच्या सांध्यांतून सुटलेलें तेल पत्र्याच्या कडेनें, नळीच्या पाठीवरून, बोल्टाच्या डोक्यावरून ओघळत जातें आणि सर्वांत खालच्या ठिकाणीं थेंब होऊन पडतें. वाटेंत त्यावर धूळ बसते, धुळीचा चिखल होतो, आणि सर्वच भाग सारखेच अपराधी दिसूं लागतात. तालुक्याच्या गांवीं आमच्या माहितीचा एक मिस्त्री आहे. चिखलानें माखलेला ट्रॅक्टर घेऊन कोणी आला कीं तो पान्ह्यास हात लावीत नाहीं. ‘दादा, आधीं धुऊन आणा, चिखलाला विचारून काय कळणार?’ एवढें बोलून तो दुसऱ्या कामास लागतो. गिऱ्हाईक रागावतें, पण धुऊन आणतें. मग तो ट्रॅक्टर कोरडा करून, इंजिन सुरू करून, लिफ्ट दोनचार वेळां वरखालीं करावयास लावतो आणि अंतरावरून बघत राहतो. स्वच्छ केलेल्या अंगावर पहिला ओलावा जेथें फुटतो तेथें त्याचा शोध थांबतो. या मिस्त्रीनें तर्कशास्त्राचें पुस्तक उघडलेलें नाहीं. परंतु कार्यावरून कारणाकडे जातांना मधल्या पायऱ्या गाळूं नयेत, हा धडा आमच्या वर्गांतील पुष्कळ विद्यार्थ्यांहून त्यास अधिक चांगला अवगत आहे.

गळतीचे प्रकारहि एकाहून अधिक आहेत. जी बाहेर टपकते ती सर्वांस दिसते. दुसरी पंपाच्या ओढीच्या बाजूस असते. तेथें दाब कमी असल्यामुळें तेल फारसें बाहेर येत नाहीं, उलट बाहेरची हवा आंत शिरते, तेलास फेंस येतो आणि पंप किंचाळूं लागतो. तिसरी सर्वस्वी आंतल्या आंत असते: जमिनीवर एक थेंबहि पडत नाहीं, तेलाची पातळीहि उतरत नाहीं, पण उचलून ठेवलेलें अवजार पाहतां पाहतां खालीं उतरूं लागतें, कारण दट्ट्याच्या सीलावरून अथवा व्हॉल्व्हमधून तेल चोरवाटेनें परत जात असतें. डाग पडत नाहीं म्हणून निर्धास्त राहणारा मनुष्य या दोन गळतींस मुळींच ओळखीत नाहीं. घर, शाळा, नगरपालिका, कोणतीहि संस्था घ्या. तेथेंहि बाहेर दिसणाऱ्या नुकसानीची चौकशी होते, आणि आंतल्या आंत जोर सरत चालल्याची दाद कोणी घेत नाहीं.

दोष सांपडल्यावर उपाय. येथेंहि दोन चुकीच्या वाटा फार रुळलेल्या आहेत. पहिली भर घालण्याची: रोज सकाळीं थोडें तेल ओतावें आणि काम चालू ठेवावें. दुसरी शिक्षेची: दिसेल तो नट पान्ह्यास नळी लावून जीव खाऊन आवळावा, किंवा सील फाटलें म्हणून सीलच बदलून मोकळें व्हावें. आवळण्यानें पुष्कळदां नटाचे आटे जातात किंवा नळीचें तोंड चिरतें, आणि थेंबाची धार होते. ज्या सांध्यांत रोखण्याचें काम रबरी कडी करते, आटे करीत नाहींत, तेथें आट्यांवर टेफ्लॉनची फीत गुंडाळणें म्हणजे ‘आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं’ असाच प्रकार होय. फितीचा तुकडा सुटून व्हॉल्व्हमध्यें अडकला तर नवा आजार जडतो तो वेगळाच. सील बदलण्याची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. सील फाटलेलें असतें हें खरें. पण तें कां फाटलें? सिलिंडरच्या दांड्यावर खरचटा पडला असेल, तेलांत धूळ शिरली असेल, भलत्याच जातीचें तेल ओतलें गेलें असेल, यंत्र अति तापत असेल. हें न पाहतां नवें सील बसविलें तर तोच खरचटा थोड्याच दिवसांत त्यासहि कापून टाकतो. मग आपण दुकानदारास, कारखान्यास, नशिबास दोष देतों. चोर सोडून संन्याशास सुळीं देण्याची म्हण आपल्याकडे आहे. फाटलेलें सील हा बहुतेक प्रसंगीं असाच संन्याशी असतो.

येथवर आम्ही जें सांगितलें तें शहाणपणाचें झालें, नीतीचें नव्हे. कोणी म्हणेल, ‘ट्रॅक्टर माझा, तेल माझें, पैसा माझा. मीं गळती बुजविली नाहीं तर नुकसान माझेंच. यांत पापपुण्य कोठून आलें?’ हा आक्षेप वजनदार आहे. जॉन स्टुअर्ट मिल्लनें १८५९ सालच्या आपल्या स्वातंत्र्यावरील निबंधांत, ज्याचें फळ मुख्यतः कर्त्यासच भोगावें लागतें अशा वर्तनांत समाजानें सक्तीचा हात घालूं नये, असें प्रतिपादन केलें आहे, आणि आम्हांसहि तें सामान्यतः मान्य आहे. आपलें तेल मातींत घालविणाऱ्या मनुष्यास मूर्ख म्हणतां येईल. दुष्ट म्हणण्याचा अधिकार आपणांस नाहीं. तेव्हां प्रश्न असा उरतो कीं, ट्रॅक्टरची गळती खरोखरच ज्याची त्याचीच राहते काय?

याचें उत्तर त्या तेलाच्या दाबांतच आहे. नळीस सुईच्या अग्राएवढें भोंक पडलें तर त्यांतून निघणारी तेलाची धार डोळ्यांस नीट दिसतहि नाहीं. ती शोधण्यासाठीं कोणी नळीवरून हात फिरविला तर तीच धार कातडीतून आरपार मांसांत शिरते. बाहेर टांचणी टोंचल्याएवढी खूण दिसते, प्रथम वेदनाहि फारशी नसते. म्हणून मनुष्य हात पुसून पुन्हां कामास लागतो. कांहीं तासांनीं हात सुजतो. आंत पसरलेलें तेल शस्त्रक्रिया करून तांतडीनें काढावें लागतें, आणि उशीर झाला तर बोट, प्रसंगीं हातहि, गमवावा लागतो. म्हणून जाणता मिस्त्री अशी नळी हातानें कधींच चांचपीत नाहीं. तो लांबून पुठ्ठा धरतो आणि पुठ्ठ्यावर डाग उमटतो कीं काय हें पाहतो. सांधा सोडण्यापूर्वीं तो अवजार जमिनीवर टेंकवितो, इंजिन बंद करितो, दांडे पुढेंमागें हलवून आंतला दाब मोकळा करितो. आणि उचललेल्या अवजाराखालीं, भक्कम टेंकण दिल्यावांचून, कोणासहि जाऊं देत नाहीं. कारण केवळ तेलाच्या भरंवशावर तोलून धरलेलें वजन एक नळी फुटतांच खालीं येतें.

आणि या अवजाराखालीं जातो कोण? पात्यांत अडकलेली तार काढण्यासाठीं वांकतो कोण? नळी ओली कां झाली म्हणून हात फिरवितो कोण? बहुधा मालक नव्हे. रोजंदारीवरचा ड्रायव्हर किंवा गडी. दुरुस्ती पुढें ढकलण्याचा निर्णय एक मनुष्य ओसरीवर बसून घेतो आणि त्याची जोखीम दुसरा मनुष्य बागेंत उचलतो. येथें मिल्लची मर्यादा ओलांडली गेली. गळती आतां खाजगी राहिली नाहीं. जोंपर्यंत थेंब मालकाच्या खिशांतून गळत होता तोंपर्यंत ती हयगय होती. तो दुसऱ्याच्या डोक्यावर टांगलेल्या वजनांतून गळूं लागतांच ती अन्याय झाली. थेंब दोन्हीं ठिकाणीं सारखाच आहे. त्यामुळेंच दोषाचा लहानमोठेपणा थेंबावरून ठरवूं पाहणारा मनुष्य हमखास फसतो.

परंतु मालकाची बाजूहि नीट ऐकून घेतली पाहिजे. तिच्याकडे पाठ फिरवून उपदेश करणें सोपें आहे. ऑक्टोबरांत द्राक्षाची छाटणी झालेली असते. कोंवळी फूट आलेली असते, आणि अवकाळी पाऊस येतो. पानें ओलीं राहिलीं कीं केवडा पडतो, आणि तो एकदां घडांवर गेला कीं वर्षाचें पीक हातचें जातें. फवारणी आज सायंकाळच्या आंत व्हावयाची आहे. मिस्त्री तालुक्यास, सुटा भाग जिल्ह्याच्या गांवीं, बँकेचें कर्ज डोक्यावर, आणि त्याच वेळीं लिफ्टच्या नळीखालीं ओल दिसते. अशा मनुष्यास ‘आधीं गळती बुजव, मग फवारणी कर’ असें सांगणारा नीतिवेत्ता त्याच्या कर्जाचा हप्ता भरणार आहे काय? प्रत्येक दोष दिसतांक्षणीं दूर केलाच पाहिजे असा नियम केला तर जगांतील कोणतेंहि काम पुरें होणार नाहीं. कांहीं दुरुस्त्या पुढें ढकलणें भाग असतें. योग्य वेळीं योग्य तें करण्याच्या विवेकास ॲरिस्टॉटलनें सद्गुणांत गणलें आहे, आणि कोणतें काम आज व कोणतें उद्यां हें ठरविणें हा त्याच विवेकाचा भाग होय.

तेव्हां ढकलणें हें सरसकट पाप नव्हे. मग न्याय्य ढकलणें आणि अन्याय्य ढकलणें यांत भेद कसा करावा? आमच्या मतें त्याच्या तीन कसोट्या आहेत. पहिली ज्ञानाची: दोष कोठें आहे, कशामुळें आहे आणि वाढतो आहे कीं स्थिर आहे, हें पाहिलेलें असावें. पुसून, पुठ्ठा धरून, रोज किती तेल घालावें लागतें हें मोजून जो म्हणतो ‘आठ दिवस चालेल’ तो निर्णय घेतो. नुसता डाग पाहून जो तेंच म्हणतो तो निर्णय टाळतो. दुसरी कसोटी मुदतीची: ढकलण्यास दिवस ठरलेला असावा. ‘ही फवारणी झाली कीं’ ही मुदत झाली. ‘सवड मिळाली कीं’ ही मुदत नव्हे, कारण सवड नांवाची तिथि कोणत्याहि पंचांगांत नाहीं. तिसरी कसोटी जोखमीच्या धन्याची: ज्याच्या अंगावर संकट यावयाचें त्यास तें सांगितलेलें असावें, आणि ‘मी खालीं जाणार नाहीं’ असें म्हणण्याची त्यास मोकळीक असावी. ही मोकळीक खरी असली पाहिजे. ‘नको असेल तर उद्यांपासून येऊं नकोस’ या वाक्याच्या छायेंत दिलेली संमति ही संमति नव्हे.

या तीन कसोट्यांपैकीं तिसरी आम्ही सर्वांत मोठी मानतों, आणि कां मानतों हें एका प्रसिद्ध घटनेवरून स्पष्ट होईल. डेन्मार्कांत जन्मून अमेरिकेंत गेलेल्या नील्स क्रिस्टेन्सन या कारागिरास १९३९ सालीं ज्या रबरी ओ-रिंगचें पेटंट मिळालें ती आज ट्रॅक्टरच्या नळीपासून अवकाशयानापर्यंत सर्वत्र आहे. २८ जानेवारी १९८६ रोजीं अमेरिकेचें ‘चॅलेंजर’ हें यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालें आणि त्यांतील सातहि जण मृत्यु पावले. इंधनाच्या अग्निबाणाच्या सांध्यांतील ओ-रिंग थंडीनें ताठरली होती. तिच्याजवळून तप्त वायु निसटला. आधींच्या कांहीं उड्डाणांतहि या सांध्यांतून वायु निसटल्याच्या व कड्या जळल्याच्या खुणा दिसल्या होत्या. परंतु तीं यानें सुखरूप परत आलीं होतीं, म्हणून ती गळती हळूहळू नित्याची समजली जाऊं लागली. डायेन व्हॉन या समाजशास्त्रज्ञ बाईंनीं १९९६ सालच्या आपल्या ग्रंथांत या संवयीचें सविस्तर विवेचन केलें आहे. आदल्या रात्रीं कारखान्यांतील कांहीं अभियंत्यांनीं, एवढ्या थंडींत उड्डाण करूं नये, असा सल्ला दिला होता. वरिष्ठांनीं तो मानला नाहीं. ज्यांनीं निर्णय घेतला ते यानांत बसलेले नव्हते, आणि जे बसले होते त्यांच्यापर्यंत ही चर्चा पोहोंचली नाहीं.

आतां आमच्या बागायतदारास आणि अवकाशसंस्थेस एका तराजूंत घालूं नये, असें कोणी म्हणेल. आम्ही त्यांचें माप सारखें आहे असें म्हणत नाहीं. त्यांच्या विचाराचा आकार सारखा आहे असें म्हणतों. ‘काल कांहीं झालें नाहीं’ यावरून ‘आज कांहीं होणार नाहीं’ असें अनुमान काढणें हा तर्कदोष दोन्हींकडे एकच आहे. काल नळी फुटली नाहीं याचा अर्थ एवढाच कीं ती काल फुटली नाहीं; काल ती जेवढी झिजली तेवढी आज अधिक दुबळी आहे. १९८४ च्या डिसेंबरांत भोपाळ येथें विषारी वायूची गळती होऊन हजारों माणसें मेलीं. टाकीस थंड ठेवणारें यंत्र बंद ठेवलेलें आहे, हें भिंतीपलीकडच्या वस्तींत झोंपलेल्या त्या माणसांस ठाऊक असण्याचें कारणच नव्हतें. गळतीचा निर्णय करणारा एक आणि तिचें फळ भोगणारा दुसरा, ही फारकत जितकी मोठी तितकी निर्णय करणाऱ्याची झोंप गाढ.

यावरून आम्हांस या विषयाच्या गाभ्यापर्यंत जातां येतें. यंत्रांत सील मऊ कां ठेवतात? झिजावयाचेंच असेल तर स्वस्त वस्तूनें झिजावें आणि महाग दांडा वांचावा, म्हणून. हा शहाणपणा यंत्रांत सर्वथैव योग्य आहे. रबराच्या कडीस कांहीं हक्क नाहींत. पण हाच हिशेब आपण नकळत माणसांस लावूं लागतों, आणि तेथें अधर्म सुरू होतो. दुरुस्तीचे चार हजार वांचावेत म्हणून जेव्हां आपण गड्यास ओल्या नळीखालीं पाठवितों तेव्हां आपण त्यास यंत्राच्या भागांत जमा केलेलें असतें. महाग वस्तु वांचविण्यासाठीं झिजूं दिलेला स्वस्त भाग, एवढीच त्याची किंमत आपण केलेली असते. मनुष्यास केवळ साधन म्हणून वागवूं नये, हें कांटचें वचन आमच्या महाविद्यालयांतून दरवर्षीं शिकविलें जातें व परीक्षेंत विचारलें जातें. पण त्याचा खरा प्रश्नपत्र शेताच्या बांधावर असतो. तेथें तो सोडविण्यास जर्मन भाषा लागत नाहीं. मनुष्य हें सील नव्हे, एवढें ध्यानांत ठेवलें कीं पुरे.

जुनी व्यवस्था याहून बरी होती काय? त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथांत बलुतेदारीचें जें वर्णन आहे त्यावरून दिसतें कीं, सुतार-लोहारांस नांगर-पाभरीच्या दुरुस्तीबद्दल दर खेपेस पैसे मिळत नसत. सुगींत धान्याचा ठरीव वांटा मिळे. म्हणजे अवजार जितकें कमी मोडेल तितकें कारागिराचेंहि सुख. आज मोडण्यावर पोट असलेला दुरुस्तीवाला आणि ढकलण्यावर भिस्त असलेला मालक यांच्यामध्यें तसा समान स्वार्थ उरलेला नाहीं. तथापि त्या व्यवस्थेची आरती ओंवाळण्यास आम्ही तयार नाहीं. ती जन्मावर उभारलेली होती आणि तिच्यांत ‘नाहीं’ म्हणण्याची मोकळीक सर्वांत खालच्या माणसास मुळींच नव्हती. म्हणजे आमच्या तिसऱ्या कसोटीस ती सर्वांत आधीं नापास होते. घेण्याजोगी गोष्ट एवढीच कीं, वस्तु नीट राहण्यांत ज्यांचें ज्यांचें हित आहे त्या सर्वांस तिच्या दोषाची वार्ता असावी.

म्हणून शेवटीं आम्ही मूळ प्रश्नाचें उत्तर असें देतों. लहान दोष तसाच राहूं देणें हें, तो लहान आहे म्हणून क्षम्य ठरत नाहीं, आणि दोष आहे एवढ्यावरून अक्षम्यहि ठरत नाहीं. त्याची जोखीम कोण वाहतो आणि त्यास ती ठाऊक आहे कीं नाहीं, यावर सर्व अवलंबून आहे. गरीब शेतकऱ्यास आज नवी नळी आणणें शक्य नसेल. शक्य नसलेल्या गोष्टीचें कर्तव्य कोणावर लादतां येत नाहीं. परंतु ड्रायव्हरला हांक मारून ‘बाबा, ही नळी ओली आहे, हिला हात लावूं नकोस, अवजार वर असतां खालीं वांकूं नकोस, तार अडकली तर आधीं टेंकव, इंजिन बंद कर, मग काढ’ असें सांगण्यास एक पैसाहि लागत नाहीं. जें करणें कोणत्याहि ऋतूंत, कितीहि घाईंत आणि कितीहि दारिद्र्यांत शक्य आहे तें न करणाऱ्यास मात्र ऋतूची, घाईची अथवा दारिद्र्याची सबब सांगतां येणार नाहीं.